एका रुपयाला एक दिरहम



विषय पैशांचा आहे आणि पत्र जरा लांबलं आहे. शनिवारी-रविवारी निवांत वाचा. सुट्टीत भारतातून कुणी पाहुणे यायचे असतील, तर मात्र ते निघायच्या आधी वाचा.

मार्च २०२५ मध्ये आई-बाबा पहिल्यांदाच दुबईला आले. बाबांचा स्वभाव असा की मुलाकडे जायचं असलं तरी खिशात स्वतःचे पैसे हवेतच. निघताना त्यांनी वीस हजार रुपये रोख बरोबर घेतले. (भारतात राहणाऱ्या माणसाला पंचवीस हजारांपर्यंत भारतीय नोटा बाहेर नेता येतात, त्यामुळे नियमात काही चुकलं नव्हतं.) विमानातून उतरल्यावर सामान येईपर्यंत समोर पैसे बदलायची खिडकी दिसली. त्यांनी पैसे दिले आणि ७५० दिरहम घेतले. करामाला घरी आल्यावर मोठ्या कौतुकाने माझ्यासमोर ठेवले, "हे घे, घरखर्चाला."

मी सवयीने मनात भागाकार केला. त्या आठवड्यात दिरहम साडेतेवीस रुपयांच्या आसपास होता. म्हणजे वीस हजारांचे साधारण ८५० दिरहम व्हायला हवे होते. शंभर दिरहम कमी! दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या एक्सचेंजमध्ये सहज विचारलं, तर तेवढ्याच नोटांचे ८२० मिळाले असते. बाबांना सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण चेहऱ्यावर दिसलंच. ते एकदम गप्प झाले. त्यांच्या हिशेबाने दोन हजार रुपयांच्या वर भुर्दंड बसला होता, आणि तो आपल्या बावळटपणामुळे बसला असं त्यांना वाटत होतं.

रात्री जेवताना ते म्हणाले, "तुझे आजोबा बार्शीला निघाले की आधी सराफाकडे जायचे. हाली देऊन कलदार घ्यायचे. दरवेळी बट्टा जायचा, आणि दरवेळी ते सराफाला शिव्या द्यायचे. आज मी तेच केलं की!"

या वाक्याने माझ्या डोक्यात भुंगा सोडला. बट्टा हा शब्द मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. नंतरचे काही महिने कामातून वेळ मिळेल तसं वाचत गेलो. त्यातून जे कळलं ते इथे लिहितोय. मी इंजिनीअर आहे, इतिहासाचा अभ्यासक नाही, तेव्हा जाणकारांनी सांभाळून घ्यावं.

हाली, कलदार आणि हुंडी

आम्ही मूळचे लातूरकडचे. लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात होतं आणि बार्शी इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात. दोन गावांमध्ये एका दिवसाचंही अंतर नाही, पण मध्ये चलनाची सरहद्द! हैदराबाद संस्थानाचा स्वतःचा रुपया होता, त्याला लोक 'हाली' किंवा 'हाली शिक्का' म्हणत. १९१८ पासून संस्थानाच्या कागदी नोटाही निघाल्या. इंग्रजी रुपया म्हणजे 'कलदार'. ठरलेलं प्रमाण असं की सात हाली म्हणजे सहा कलदार. म्हणजे शंभर हालीचे सुमारे ८५ रुपये ११ आणे कलदार झाले. हे झालं कागदावर. सराफाच्या पेढीवर त्यातूनही काही कापलं जाणार, तो बट्टा.

आता पंढरपूरही इंग्रजी मुलुखातच. त्यामुळे मराठवाड्यातून विठ्ठलाला निघालेल्या वारकऱ्यालाही वाटेत कधीतरी हालीचे कलदार करावेच लागत. आपल्याकडे 'परदेशात जाऊन स्थानिक पैसे मिळवणं' ही भानगड विमानाच्या फार आधीची आहे. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद मुक्त झालं, आणि पुढे काही वर्षांत हाली व्यवहारातून गेला. आजोबांचा बट्टा तिथे थांबला.

त्याच्याही मागे गेलं तर हुंडी. पेशवाईत पुण्या-नाशकाहून काशीला निघालेला माणूस एवढा लांबचा रस्ता नाणी बांधून चालणार कसा? चोर, पेंढारी, नदी-नाले सगळंच होतं. शिवाय दर मुलखात वेगळा शिक्का. मग तो इथल्या सावकाराकडे पैसे भरायचा, सावकार काशीच्या पेढीवर चिठ्ठी लिहून द्यायचा, आणि ती दाखवून तिथे तिथलं नाणं मिळायचं. दाखवल्याबरोबर पैसे मिळाले तर दर्शनी हुंडी, ठरलेल्या दिवसांनी मिळाले तर मुदती. या कामाबद्दल सावकार जे कापायचा त्याला सुंदर मराठी शब्द आहे, हुंडणावळ. जुन्या मराठी लेखनात 'विनिमयाचा दर' या अर्थीही तो सर्रास भेटतो.

हुंडणावळ कशावर ठरायची? नाण्यातल्या चांदीवर तर खरीच, पण रस्ता किती धोक्याचा, काशीच्या पेढीची पत किती, आणि तुम्हाला दुसरा सावकार उपलब्ध आहे की नाही, यावरही. हे तिसरं कारण लक्षात ठेवा, शेवटी परत त्यावर येणार आहे.

इथे रुपयाच चालायचा

आता करामाकडे येऊ. नवीन आलेल्या मंडळींना कदाचित माहीत नसेल, पण आपण राहतो त्या दुबईचं चलन १९६६ पर्यंत रुपया होतं. भारतातून आलेल्या लोकांपुरतं नाही, सगळ्यांचं.

त्याचं कारण सरळ आहे. आखाताचा राजकीय कारभार इंग्रज भारतातून पाहायचे. बुशहरला त्यांचा रेसिडेंट बसायचा. तो १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या हाताखाली होता आणि नंतर हिंदुस्थान सरकारच्या. इथला मुख्य माल म्हणजे मोती, आणि त्याची मोठी बाजारपेठ मुंबई. मोती मुंबईला जायचे, तिकडून तांदूळ, कापड, लाकूड यायचं. हिशेब रुपयांत. पुढे १९३० च्या दशकात जागतिक मंदी आणि जपानी कृत्रिम मोती यांनी हा धंदा बसवला, पण रुपया राहिला.

दुबईत १९ ऑगस्ट १९०९ ला पोस्ट ऑफिस उघडलं ते भारतीय टपाल खात्याचं, तिकिटंही भारतीय. १९४८ मध्ये ते ब्रिटिश टपालाकडे गेलं, तरी इंग्लंडच्या तिकिटांवर किंमत छापली जायची आण्यांत! भारताने १९५७ मध्ये दशमान पद्धत घेतली, की इथेही तिकिटांवर नये पैसे आले. १९६१ मध्ये 'ट्रूशियल स्टेट्स' या नावाने पहिली तिकिटं निघाली, त्यावर खजुराची झाडं आणि शिडाचं जहाज होतं, आणि किंमत नये पैशांत व रुपयांत. दुबईतली पहिली बँक १९४६ मध्ये आली (पुढे तिचं नाव ब्रिटिश बँक ऑफ द मिडल ईस्ट झालं). तिच्याही खात्यांत रुपयेच.

म्हणजे त्या काळी मुंबईहून कुणी दुबईला आला, तर त्याला पैसे बदलायची गरजच नव्हती. भायखळ्याला खिशात टाकलेली नोट बर दुबईच्या बाजारात चालायची. बट्टा शून्य. बाबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी दोनदा विचारलं, "आपलाच रुपया? आपल्या सरकारचा?" होय, आपल्याच रिझर्व्ह बँकेचा.

सोनं आणि तांबड्या नोटा

मग बिघडलं कुठे? सोन्यापाशी.

स्वातंत्र्यानंतर भारतात सोन्याच्या आयातीवर कडक बंधनं आली. लग्नसराई मात्र थांबली नाही! त्यामुळे आपल्याकडे सोन्याचा भाव बाहेरच्यापेक्षा बराच जास्त राहिला. दुबईत मात्र सोनं आणणं कायदेशीर होतं. मग दहा-दहा तोळ्यांची बिस्किटं इथून गलबतांत भरून पश्चिम किनाऱ्याला जाऊ लागली. आपल्या कोकण किनाऱ्याच्या त्या काळच्या गोष्टी रत्नागिरी-रायगडच्या मंडळींनी ऐकल्या असतीलच. इथून निघेपर्यंत तो व्यापार, तिथे उतरला की स्मगलिंग.

सोन्याचे पैसे मिळायचे रुपयांत. त्या नोटांची बंडलं परत आखातात यायची आणि इथल्या बँकांत जमा व्हायची. रुपया इथलं अधिकृत चलन असल्याने त्याच्या बदल्यात रिझर्व्ह बँकेला पौंड द्यावे लागत. म्हणजे भारत आपल्याच गंगाजळीतून चोरट्या सोन्याची किंमत भरत होता! आणि त्या काळात भारताची परकीय चलनाची तंगी किती होती, ते वेगळं सांगायला नको.

यावर उपाय म्हणून १ मे १९५९ ला संसदेने रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात दुरुस्ती केली आणि आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. हाच तो 'गल्फ रुपी'. दिसायला आपल्यासारख्याच नोटा, रंग मात्र वेगळे. एकाची आणि दहाची तांबडी, पाचाची नारिंगी, शंभराची हिरवी. क्रमांकाच्या आधी इंग्रजी झेड अक्षर. किंमत भारतीय रुपयाएवढीच, पण भारतात बाजारात चालणार नाही. लोकांना जुन्या नोटा बदलून घ्यायला सहा आठवडे दिले गेले.

त्याच वर्षी आणखी एक नोट निघाली, तिच्याबद्दल मला जास्त कुतूहल वाटलं. तेव्हा भारतातले हज यात्रेकरू मुंबईहून बोटीने जेद्दाला जात (ही बोट १९९५ पर्यंत चालू होती). त्यांच्यासाठी रिझर्व्ह बँकेने दहा आणि शंभर रुपयांच्या खास नोटा काढल्या. त्यावर 'हज' असं छापलेलं असायचं. यात्रेकरूने त्या मुंबईत घ्यायच्या आणि सौदी अरेबियात देऊन तिथले रियाल घ्यायचे. आपल्या आजच्या फॉरेक्स कार्डाची ही पणजी! काशीच्या हुंडीत सावकाराने जे केलं तेच काम इथे सरकारने केलं.

६ जून १९६६

कुवेतने १९६१ मध्ये आपला दिनार काढला. बहारीनने १९६५ मध्ये. दुबई आणि कतारनेही मार्च १९६६ मध्ये मिळून नवं चलन काढायचा करार केला होता. म्हणजे रुपयाला निरोप द्यायची तयारी चालू होती. पण तो समारंभपूर्वक द्यायचं नशिबी नव्हतं.

दोन युद्धं, दुष्काळ आणि परदेशी मदत थांबल्याने भारत अडचणीत होता. ६ जून १९६६ ला इंदिरा गांधींच्या सरकारने रुपयाचं अवमूल्यन केलं. डॉलर ४ रुपये ७६ पैशांचा होता, तो साडेसातचा झाला. पौंड १३ रुपये ३३ पैशांवरून २१ रुपयांवर गेला. गल्फ रुपी भारतीय रुपयाला बांधलेला, त्यामुळे तोही त्याच रात्री घसरला.

हिशेब करून बघा. दुबईतल्या एखाद्या दुकानदाराच्या गल्ल्यात ५ जूनला शंभर रुपये होते, त्यांची किंमत २१ डॉलर. ६ जूनला त्याच नोटा, तोच गल्ला, आणि किंमत १३ डॉलर ३३ सेंट. त्याने काही खरेदी केली नाही, काही विकलं नाही. निर्णय झाला दिल्लीत, आणि त्याला कुणी विचारलंही नाही. एका रात्रीत छत्तीस टक्क्यांहून जास्त बट्टा!

त्यानंतर आखात थांबलं नाही. अबू धाबीने बहारीनचा दिनार घेतला. दुबईने काही महिने चक्क सौदी रियाल वापरला आणि सप्टेंबर १९६६ मध्ये कतार-दुबई रियाल आला. त्याची किंमत मुद्दाम ठेवली गेली ती अवमूल्यनाच्या आधीच्या रुपयाएवढी. मस्कत-ओमानमध्ये गल्फ रुपी १९७० पर्यंत चालला.

२ डिसेंबर १९७१ ला अमिराती एकत्र आल्या. १९ मे १९७३ ला दिरहम आला. दुबईत एका कतार-दुबई रियालला एक दिरहम असा बदल झाला.

आता साखळी जोडा. अवमूल्यनाआधीचा एक रुपया म्हणजे एक कतार-दुबई रियाल, म्हणजे एक दिरहम. आपल्या खिशातला दिरहम हा ५ जून १९६६ च्या रुपयाचा थेट वारस आहे! एक धागा इकडे राहिला, एक तिकडे गेला. १९७३ मध्ये दिरहमला जवळपास दोन रुपये पडू लागले होते. १९९१ च्या अवमूल्यनानंतर सुमारे सात. २०१४ मध्ये मी पहिला पगार घरी पाठवला तेव्हा सोळा-सतरा. बाबा आले तेव्हा साडेतेवीस. दिरहम नोव्हेंबर १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, त्यामुळे तो आहे तिथेच आहे.

आता इथे दोन्ही प्रकारची मंडळी असतील. काहींना "आपला रुपया इथे चालायचा" याचा अभिमान वाटेल, काहींना "बघा, काय दशा केली" म्हणून राग येईल. मला स्वतःला दोन्ही वाटून गेलं. पण मग लक्षात आलं, की दर घसरल्यावर पगार घरी पाठवायला रांगेत पहिला उभा राहणारा मीच असतो! तेव्हा उगाच देशभक्तीचा आव आणण्यात अर्थ नाही.

आठ डॉलरवाले पाहुणे

आखातातून रुपया गेल्यावर आपल्याकडच्या प्रवाशाचं काय झालं? त्याचे खरे हाल त्या काळात झाले. आपल्याआधीच्या पिढीतले जे शिकायला किंवा नोकरीला बाहेर गेले, त्यांच्या तोंडून 'आठ डॉलर'ची गोष्ट ऐकली असेल. १९६० आणि ७० च्या दशकात सरकार प्रवाशाला बरोबर न्यायला देई ते एवढेच, आठ डॉलर किंवा तीन पौंड. बाकी नातेवाईक, मित्र आणि देव.

जिथे कायदेशीर रस्ता इतका अरुंद, तिथे आडवाट रुंद होणारच. 'तू तिकडे माझ्या भावाला डॉलर दे, मी इकडे तुझ्या आईला रुपये देतो' हा प्रकार घरोघरी चालायचा. मोठ्या प्रमाणावर तो हवाला. बघा, ही हुंडीच आहे, फक्त कागद गेला आणि कायदा विरोधात गेला. १९७३ च्या फेरा कायद्यात तर अशा व्यवहाराला तुरुंगवास होता. तरी लोक करत, कारण अधिकृत दर आणि बाजारातला दर यांत मोठी फट होती.

ती फट बुजली पोलिसांमुळे नाही, तर दुसरे रस्ते उघडल्यामुळे. १९९० मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा गेला. १९९२ मध्ये परतणाऱ्या अनिवासींना जकात भरून पाच किलो सोनं न्यायची मुभा मिळाली. रुपयाचा दर हळूहळू बाजारावर सोडला. जून २००० पासून फेराच्या जागी फेमा आला. फेब्रुवारी २००४ मध्ये सामान्य माणसाला वर्षाला २५ हजार डॉलर बाहेर पाठवायची परवानगी मिळाली, २०१५ पासून ती अडीच लाख डॉलर आहे. आठ डॉलरपासून अडीच लाखांपर्यंत! (बाबांना हा आकडा सांगितला तर म्हणाले, "आठच दिले असते तर बरं, शंभर दिरहम तरी वाचले असते.")

बट्टा आता दिसत नाही

हल्ली बट्टा हा शब्द गेला, वस्तू गेलेली नाही. सराफ समोर बसून कापायचा आणि आजोबा त्याला समोर शिव्या द्यायचे. आता तो दराच्या आत लपलेला असतो. 'कमिशन शून्य' अशी पाटी असते आणि कमिशन दरातच मिसळलेलं असतं. बाबांच्या पावतीवर फी म्हणून एक पैसाही लावलेला नव्हता!

एटीएमची तीच गत. भारतातलं कार्ड इथे घातलं की मशीन नम्रपणे विचारतं, "रक्कम रुपयांत कापू का?" आपल्या माणसाला वाटतं, बरं झालं, रुपयांत कळेल तरी. तिथेच फसतो. रुपयांत म्हटलं की दर त्या मशीनवाल्याचा, आणि तो बहुतेक वेळा महाग असतो. दिरहममध्ये म्हटलं की दर कार्ड कंपनीचा, वर आपल्या बँकेचे दोन-साडेतीन टक्के आणि त्यावर कर. तरीही दुसरं बहुधा स्वस्त पडतं.

आणि १९६६ ची आठवण करून देणारा एक प्रसंग आपण सगळ्यांनी पाहिलाय. ८ नोव्हेंबर २०१६. पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या, त्या रात्री करामातल्या किती घरांत ड्रॉवर उघडले गेले असतील! सुट्टीला गेल्यावर विमानतळावरून टॅक्सीला लागतात म्हणून प्रत्येकाकडे थोड्या नोटा होत्याच. इथल्या खिडक्यांवर त्या कुणी घेईना. अनिवासींना ३० जून २०१७ पर्यंत मुदत होती, पण स्वतः भारतात जायचं, विमानतळावर कस्टम्सला नोटा दाखवून शिक्का घ्यायचा, आणि मग मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई किंवा नागपूरच्या रिझर्व्ह बँकेत रांग लावायची. दीड हजार रुपयांसाठी कोण तिकीट काढणार? माझ्या पासपोर्टच्या पिशवीत पाचशेच्या तीन नोटा अजून आहेत. बट्टा शंभर टक्के.

रुपया परत येतोय का?

गेल्या काही वर्षांत काही गोष्टी उलट दिशेनेही झाल्या. जुलै २०१९ पासून दुबई ड्युटी फ्रीमध्ये भारतीय रुपये घेऊ लागले. २०२२ पासून इथल्या काही दुकानांत यूपीआय चालू झालं, २०२४ मध्ये आणखी वाढलं. १५ जुलै २०२३ ला रिझर्व्ह बँक आणि इथली मध्यवर्ती बँक यांनी रुपया-दिरहम थेट व्यवहाराचा करार केला, आणि त्याच ऑगस्टमध्ये इंडियन ऑइलने अबू धाबीच्या तेलाचे पैसे रुपयांत चुकते केले.

हे वाचून कुणी म्हणेल, झालं, जुने दिवस परत आले. तसं नाही. तेव्हा रुपया इथे *चालायचा*, आता तो इथे *बदलला* जातो, फक्त लवकर आणि फोनवर. यूपीआयने पैसे दिले तरी दर कुणीतरी ठरवतोच. पण एक फायदा नक्की झाला, आणखी एक रस्ता वाढला. आणि मघाशी हुंडणावळीचं तिसरं कारण लक्षात ठेवा म्हटलं होतं ते हेच. दुसरा सावकार असला की हुंडणावळ उतरते.

सगळा इतिहास वाचून माझ्या हाती एवढंच लागलं. बट्टा चलनावर कमी आणि अडलेपणावर जास्त ठरतो. सरहद्दीवर एकच सराफ, विमानतळावर एकच खिडकी, फेराच्या काळात एकच सरकारी दर, सगळीकडे तीच गोष्ट. करामात एका रस्त्यावर चार-पाच एक्सचेंज शेजारी शेजारी आहेत, म्हणून इथे ८२० मिळत होते. बाबा बावळट नव्हते. त्यांच्यासमोर दुसरी खिडकी नव्हती, एवढंच.

तेव्हा व्यवहाराचं चार ओळींत:

१. "दर काय?" विचारू नका. "एवढे दिले तर हातात किती पडतील?" विचारा. फी, कर, कमिशन सगळं त्या उत्तरात येतं. दोन ठिकाणी विचारा.

२. येणाऱ्या पाहुण्यांना सांगा, रुपयांच्या नोटा आणू नका. थोडे दिरहम तिकडच्याच बँकेतून किंवा परवानाधारक मनी चेंजरकडून घ्या, बाकी कार्डावर. विमानतळावर बदलायचेच झाले तर टॅक्सीपुरते.

३. एटीएमवर काढायचे तर थोडे-थोडे चारदा काढण्यापेक्षा एकदाच काढा, कारण दर खेपेला फी लागते. मशीनने भारतीय रुपयांत कापू का विचारलं, तर 'नको'.

४. आपण इथून जॉर्जिया, आर्मेनिया, थायलंडला जातो तेव्हा करामातून डॉलर घ्या. दिरहम डॉलरला बांधलेला असल्याने या बदलात फारसं जात नाही. तिथे उतरून शहरात स्थानिक पैसे करा. इथूनच तिथलं चलन घ्याल तर महाग पडण्याची शक्यता जास्त. उरलेली नाणी परत कुणी घेत नाही, ती तिथेच संपवा.

बाबा महिनाभर राहून परत गेले. निघायच्या आदल्या दिवशी त्यांच्याकडे २१० दिरहम उरले होते. मी म्हटलं, "द्या, बदलून आणतो." तर म्हणाले, "तू बस. मी बघतो." आणि संध्याकाळी एकटे खाली गेले. पाऊण तास झाला तरी येईनात, म्हणून मी शोधायला निघालो, तर तिसऱ्या एक्सचेंजच्या खिडकीशी उभे. आतला मुलगा मल्याळी, बाबांचं हिंदी मराठवाडी. तरी एक वाक्य मला लांबून स्पष्ट ऐकू आलं, "भाव मत बताओ बेटा, हाथ में कितना आयेगा वो बोलो!"

आजोबा असते तर खूश झाले असते.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी त्या तांबड्या गल्फ नोटा किंवा हजच्या नोटा असतील, किंवा वडीलधाऱ्यांकडून १९६६ च्या इथल्या आठवणी ऐकल्या असतील, तर जरूर लिहा. ती माणसं आता थोडीच उरली आहेत.

चूकभूल द्यावी घ्यावी. लोभ आहेच, तो वाढावा.

आपला,
एक करामाकर